एकच खुर्ची

फोनच्या स्पीकरवर कधी टूबा ऐकलाय? टूबा म्हणजे ते अगडबंब पितळी वाद्य. मांडीवर घेऊन वाजवतात, तोंड छताकडे असतं आणि वाजवणारा माणूस त्याच्यामागे निम्माशिम्मा झाकला जातो. त्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रकाराची नळी उलगडून सरळ केली तर साधारण १८ फूट भरते. त्याच्या खर्जातला एक स्वर सेकंदाला सुमारे ५८ कंपनांचा असतो. फोनचा एवढासा स्पीकर तितका खाली उतरूच शकत नाही. तरी तो स्वर आपल्याला ऐकू येतो. कारण मूळ स्वराच्या वरचे उपस्वर स्पीकरमधून येत असतात, आणि त्यांच्यामधल्या अंतरांवरून आपला मेंदू खालचा, प्रत्यक्षात न वाजलेला स्वर स्वतःच जुळवून घेतो.

मला हे कळलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, रात्री दीड वाजता. झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर भटकत होते आणि एका व्हिडिओवर थांबले. चार माणसं अर्धवर्तुळात बसलेली. दोघांकडे टूबा, दोघांकडे त्याचं धाकटं भावंड वाटावं असं युफोनियम. समोर कंडक्टर नाही. चौघं एकदम श्वास घेतात आणि सुरू करतात. आधी स्पीकरवर ऐकलं, मग इअरफोन लावून, आणि त्या दोन ऐकण्यांत इतका फरक पडला की मी उठून बसले. व्हिडिओखाली चौघांची ओळख होती. चौघंही कुठल्या ना कुठल्या अमेरिकन विद्यापीठात हीच वाद्यं शिकवणारे. स्वतः वाजवणारे आणि शिकवणारे.

झोप न येण्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्या संध्याकाळी क्लास संपल्यावर माझी एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याकडे सातवीपासून शिकते. तंबोऱ्याला गवसणी घालता घालता म्हणाली, "ताई, कॉलेज सोडून पूर्णवेळ गाणं करू का? तुम्ही हो म्हणालात तर मी घरी सांगते."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर बोलू."

मी डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात गाणं शिकवते. अकरा जण येतात. कार्यक्रमांच्या मानधनावर माझं घर चालत नाही, या अकरा जणांच्या फीवर चालतं. ती 'हो' ऐकायला आली होती, आणि माझं 'हो' निःस्वार्थी असणं शक्यच नव्हतं. ती राहिली तर तिची फीही राहते.

खुर्च्यांचा हिशेब

त्या चौघांमुळे मी पुढचे काही आठवडे टूबाच्या जगात हिंडत राहिले, कारण माझा प्रश्न तिथे फार स्वच्छ मांडलेला दिसला. आपल्याकडे किती गायकांना 'जागा' आहे हे कुणी मोजत नाही. टूबाच्या बाबतीत मोजता येतं.

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसेक असतात, डबल बास आठ-नऊ, ट्रॉम्बोन तीन. टूबा एक.

शिकागो सिंफनीत आर्नल्ड जेकब्स १९४४ साली त्या खुर्चीवर बसले आणि १९८८ साली उठले. १९८९मध्ये तिथे जीन पोकॉर्नी आले आणि पुढची काही दशकं खुर्ची त्यांची झाली. १९४४ साली विशीत असलेल्या आणि ती संधी हुकलेल्या एखाद्या मुलाला तीच जागा पुन्हा निघेपर्यंत साठी ओलांडावी लागली असती. त्यात कुणाचा दोष नव्हता. चांगला वादक निरोगी राहिला आणि त्याला आपलं काम आवडत राहिलं, एवढंच.

बरं, खुर्ची मिळाली तरी वाजवायचं किती? ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत टूबाच्या वाट्याला जेमतेम १४ स्वर येतात, तेही दुसऱ्या भागात. बाकी पाऊण तास नुसतं बसून राहायचं.

युफोनियमची परिस्थिती याहून अवघड. नावाचा अर्थच 'गोड आवाजाचं', आणि आवाज खरोखर तसा आहे. पण ऑर्केस्ट्रात त्याला कायमची खुर्चीच नाही. अमेरिकेत युफोनियम वाजवण्याचा पगार मिळतो तो मुख्यतः लष्करी बँडांमध्ये, आणि तिथल्या जागाही मोजक्याच.

तरीही तिथल्या कितीतरी विद्यापीठांत टूबा आणि युफोनियमचे प्राध्यापक असतात. कारण विद्यापीठाच्या बँडला खालचा आवाज लागतो. चार वर्षांनी जुनी मुलं बाहेर पडतात, नवी हवी असतात. मुलं आली तर वर्ग चालतो, आणि वर्ग चालला तर प्राध्यापकाची नोकरी चालते. मुलं फी भरतात, पुष्कळदा कर्ज काढून. बाहेर पडल्यावर त्यांना त्या एका खुर्चीपुढची रांग दिसते.

ही साखळी आपल्याला अनोळखी नाही. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणाऱ्यांमध्ये स्वतः मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेले लोक सहज भेटतात. जिथे पोहोचता आलं नाही तिथला रस्ता दाखवणं हाच मग व्यवसाय होतो.

तर प्रश्न असा की, ज्या विद्येवर पोट भरण्याची शक्यता अगदी थोडी, ती दुसऱ्याला शिकवून आपलं पोट भरणं बरोबर आहे का?

दोन सोपी उत्तरं

पहिलं उत्तर: आम्ही कुणाला वचन दिलं नव्हतं. शिकवू म्हटलं होतं, शिकवलं. नोकरीची हमी कुठल्या कागदावर होती?

हे उत्तर मी स्वतःला बरेचदा दिलंय, आणि ते दर वेळी थोडं खोटं वाटतं. वचन बोलूनच द्यावं लागतं असं नाही. सातवीतली मुलगी माझ्या घरी येते तेव्हा तिला काय दिसतं? गाण्यावर जगणारी एक बाई. माझ्याबरोबर शिकणाऱ्या आणि नंतर बँकेत किंवा शाळेच्या ऑफिसात गेलेल्या मुली तिला दिसत नाहीत. शिकवायला समोर बसतो तो टिकून राहिलेलाच असतो. नुसतं समोर बसणंही 'यात जगता येतं' असं सांगत राहतं. ते खोडून काढायचं तर तोंड उघडून बोलावं लागतं. गप्प राहणं इथे तटस्थ नसतं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. ॲलस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ सालच्या 'आफ्टर व्हर्च्यू' या पुस्तकात बुद्धिबळाचं एक उदाहरण दिलंय. एका हुशार लहान मुलाला खाऊचं आमिष दाखवून बुद्धिबळ शिकवलं जातं. जोवर त्याला फक्त खाऊ हवा आहे, तोवर संधी मिळेल तिथे फसवून जिंकण्यात त्याचं काहीच बिघडत नाही. पण कधीतरी त्याला त्या खेळातच असं काही सापडतं, जे दुसरीकडे मिळत नाही. मग फसवलं तर तो स्वतःलाच फसवतो. मॅकिन्टायर खाऊसारख्या लाभांना बाहेरचे म्हणतो. पैसा, पद, नाव हे सगळे त्यातलेच. एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याला कमी मिळतात. आतल्या लाभांचं तसं नसतं. एकाने एखादी गोष्ट फार चांगली केली तर ती करणाऱ्या सगळ्यांचंच त्यात भलं होतं.

या हिशेबाने ऑर्केस्ट्रातली खुर्ची हा बाहेरचा लाभ आणि टूबातून निघणारा भरदार, न थरथरणारा खर्ज हा आतला. तो शिकलेल्या प्रत्येकाला मिळतो, मग खुर्ची मिळो न मिळो.

मला हे पटतं. पहाटे तंबोरा जुळवताना षड्ज नेमका लागतो, तेव्हाच्या त्या क्षणाची किंमत मला कुणी पैशांत विचारू नये. पण हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय, हेही बघायला हवं. विद्यार्थ्याने स्वतःशी म्हटलं तर ते शहाणपण आहे. फी मोजून घेणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हटलं तर त्याला वेगळाच वास येतो. फळाची अपेक्षा धरू नकोस, असं सांगणारा स्वतः फळ खात असेल तर ऐकणाऱ्याने जरा थांबून विचार करावा. आतला लाभ खराच आहे. पण तो दाखवून बाहेरचा हिशेब झाकता येत नाही.

रांग आणि जागा

इथे मला हार्वी फिलिप्स या माणसाची गोष्ट उपयोगी पडली. फिलिप्स १९२९ साली मिझुरी राज्यात जन्मले. तरुणपणी सर्कशीच्या बँडमध्ये टूबा वाजवला. मग न्यू यॉर्कमध्ये विल्यम बेल यांच्याकडे शिकले. बेल न्यू यॉर्क फिलहार्मोनिकचे टूबावादक, म्हणजे खुर्ची मिळालेले गुरू.

१९५४ साली फिलिप्स न्यू यॉर्क ब्रास क्विंटेटच्या संस्थापकांपैकी एक झाले. दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक टूबा. याला चेंबर म्युझिक म्हणतात, साधारण आपल्या घरगुती बैठकीच्या आकाराचं संगीत. एका भागाला एकच वादक आणि कंडक्टर नाही. अशा पाच जणांत टूबाला मागच्या रांगेत लपता येत नाही, कारण मागची रांगच नसते. अडचण अशी होती की वाजवायला संगीत फार थोडं होतं. टूबाचा जन्मच मुळी १८३५चा. बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं तेव्हा मोझार्टला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि बेथोव्हनही हयात नव्हता. मोठमोठ्या संगीतकारांनी या वाद्यासाठी काही लिहिलंच नव्हतं. हळूहळू चित्र बदललं. १९५४मध्येच इंग्लंडमध्ये ८१ वर्षांच्या वॉन विल्यम्सने टूबासाठी कंचेर्टो लिहिला, पुढच्या वर्षी हिंडेमिथने सोनाटा लिहिला. अमेरिकेत फिलिप्स संगीतकारांच्या मागे लागून रचना लिहून घेत राहिले. ॲलेक वाइल्डरसारख्या संगीतकाराने त्यांच्यासाठी कितीतरी लिहिलं.

बेल शेवटची वर्षं इंडियाना विद्यापीठात शिकवत होते. १९७१ साली ते गेले आणि त्यांच्या जागी फिलिप्स आले. ते १९९४पर्यंत तिथे शिकवत राहिले. आता त्यांच्यापुढेही माझाच प्रश्न होता. वर्गात मुलं अनेक, देशभरात खुर्च्या मूठभर.

१९७३ साली त्यांनी विद्यापीठात टूबावाल्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरवलं. आणि १९७४च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आधीच्या रविवारी, न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या बर्फाच्या रिंगणावर सुमारे ३०० टूबा आणि युफोनियम वादक जमवले. बेल यांचा जन्म नाताळच्या दिवशीचा, १९०२चा. त्यांच्या आठवणीत या सगळ्यांनी नाताळची गाणी वाजवली. दर डिसेंबरला हा कार्यक्रम आता अनेक शहरांत होतो. त्यात विद्यार्थी असतात, व्यावसायिक असतात, आणि शाळेत वाजवलेलं वाद्य माळ्यावरून काढून आणलेले आजोबाही असतात.

यातून नोकऱ्या वाढल्या का? तशा नाही. शिकागोत अजूनही टूबा एकच आहे. पण मला यात एक फरक दिसतो. विद्यार्थी घडवून रांगेच्या शेवटी उभा करणं हे एक काम. ज्या खोलीपुढे रांग लागली आहे ती खोली मोठी करणं हे दुसरं. पहिलं काम करणारे पुष्कळ असतात आणि त्यांना पगारही मिळतो. दुसऱ्या कामाचा पगार बहुधा नसतो, शिवाय ते कधी संपतही नाही. टेनेसी टेक विद्यापीठात विन्स्टन मॉरिस यांनी १९६७ साली फक्त टूबा आणि युफोनियम वादकांचा संच उभा केला, त्याच्यासाठी रचना लिहून घेतल्या, आणि तो कार्नेगी हॉलपर्यंत नेला. कुकव्हिल नावाच्या लहानशा गावातून.

ज्यांना खुर्ची मिळते त्यांच्याविषयीही एक सांगण्यासारखं आहे. कॅरोल यांच २००६ साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची टूबावादक झाली, तेव्हा ती अजून विद्यापीठात शिकत होती. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. रांगेच्या टोकाला पोहोचलेल्या या बाई आज शिकवतात, आणि चार टूबावाल्यांच्या संचात रॉक-पॉप गाणीही वाजवतात. ती मिळालेली एक खुर्चीही एका माणसाला पुरत नसावी.

श्वास

चार खालची वाद्यं एकत्र वाजवण्यात एक खरीखुरी अडचण असते. खर्जात स्वर एकमेकांच्या जवळ ठेवले की आवाज गढूळ होतो. वरच्या सप्तकात गोड वाटणारी षड्ज-गंधाराची जोडी फार खाली नेली की नुसती गुरगुरते. म्हणून अशा संचासाठी लिहिणारा तळाशी अंतरं मोठी ठेवतो, एखादं सप्तक किंवा षड्ज-पंचम. जवळचे स्वर तो वरच्या युफोनियमना देतो.

दुसरी अडचण श्वासाची. टूबाला हवा भरपूर लागते आणि ती लवकर संपते. दोन टूबा असले की ते आळीपाळीने श्वास घेतात. एक थांबतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो, आणि खालचा स्वर तुटत नाही. त्या व्हिडिओत हे दिसतं. एकाचे खांदे किंचित सैल होतात, त्याच क्षणी शेजारचा थोडा पुढे झुकतो. शिकागोच्या जेकब्सना फुप्फुसांचा त्रास होता, हवा कमी पडायची. तेच पुढे श्वासाचे सगळ्यात मोठे शिक्षक मानले गेले, आणि नुसते टूबावाले नाही तर कितीतरी वेगवेगळी वाद्यं वाजवणारे त्यांच्याकडे शिकायला येत.

शिकवणाऱ्याने स्वतःही वाजवत राहावं, हे मला यातून समजतं. तिथे प्राध्यापकाच्या मूल्यमापनात कार्यक्रम मोजले जातात हे खरं. पण त्याहून वेगळं काहीतरी त्यातून विद्यार्थ्याला मिळतं. अर्ध्या भरलेल्या सभागृहात आपला गुरू वाजवतोय, एखादा स्वर चुकतोय, तरी पुढे जातोय, कार्यक्रमानंतर स्वतःच खुर्च्या आवरतोय. या आयुष्याची इतकी खरी माहिती कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. नुसतं शिकवणारा माणूस विद्येविषयी सांगतो. वाजवणारा शिक्षक ती विद्या घेऊन जगणं कसं असतं ते दाखवतो, आणि त्यात पैशांची चणचणही दिसते.

माझं उत्तर साधारण असं बनलं. ज्या विद्येला जागा कमी आहे ती शिकवणं चूक नाही, पण तीन अटींवर. हिशेब आधी सांगायचा, आणि न विचारता. स्वतः वाजवत राहायचं, म्हणजे तो हिशेब डोळ्यांनाही दिसतो. आणि खोली थोडी तरी मोठी करायची, कारण आपण या रांगेवर जगतो.

एक गाठ यानेही सुटत नाही. एकोणिसाव्या वर्षी आकडे कितीही स्वच्छ सांगा, समोरच्याला ते इतरांचे वाटतात. रांगेत असताना मलाही माझ्या आधीचे सगळे कधी ना कधी गळतील असं वाटायचं. म्हणून एकदा सांगितलं आणि मोकळे झालो, असं होत नसावं. दर वर्षी पुन्हा सांगावं लागेल, आणि प्रत्येक वेळी तिला मागे फिरता येईल इतपत दार उघडं ठेवावं लागेल.

वही

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी तिला थांबवून घेतलं आणि माझी हिशेबाची वही तिच्यापुढे ठेवली. गेल्या वर्षात नऊ कार्यक्रम. त्यातल्या दोनांचं मानधन नाही, एकाचं अजून यायचंय. दुसऱ्या पानावर अकरा नावं आणि फी. तिचं नाव चौथं होतं.

तिने दोन्ही पानं पुन्हा पुन्हा पाहिली. मग विचारलं, "ताई, तुमच्या मागे मी तंबोऱ्यावर बसते, त्याचे मला कधी मिळणार?"

"त्याचे मिळत नाहीत गं. मलाही नव्हते मिळाले."

"मग बसायचं कशाला?"

मी म्हटलं, तिथे बसल्यावर जे ऐकू येतं ते समोरच्या रांगेतूनही येत नाही. आणि लगेच हेही म्हटलं की, हे सांगण्यात माझा फायदा आहे, तेव्हा तू ते तपासून घे. बी.एस्सी. पूर्ण कर असं माझं मत आहे, पण निर्णय तुझा. आणि यापुढे मागे बसलीस तर मानधनातला वाटा मिळेल. थोडा असेल, पण मिळेल.

ती काही बोलली नाही. चपला घालताना मात्र थांबली आणि सोसायटीच्या हॉलचं भाडं किती असतं ते विचारलं. मी कधी चौकशी केली नव्हती. सोमवारी जाऊन विचारलं. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी परवडेल असं आहे. पहिल्या बैठकीला अकराही जण गाणार आहेत, आणि तंबोऱ्यावर मी बसणार आहे.